हौदात सोडा नेमका किती?

…आणि वर मलाच म्हणतो, "आई, तू उगाच डोक्याला त्रास करून घेतेस." घेते म्हणजे काय? त्रास तू बागेत आणून बसवलास, त्याला वीज तू जोडलीस, त्यात टँकरचं पाणी तू ओतवलंस, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर बायकोला घेऊन ऑफिसच्या कामासाठी अमेरिकेला निघून गेलास. मग तो त्रास मी नाही तर कोणी घ्यायचा, गेटवरच्या वॉचमनने?

बसा ना, बसून घ्या. उभ्या उभ्या ऐकून होण्यासारखं हे नाही.

तुम्हाला सांगते, सारी हयात मी पुण्यात मराठी शिकवलं, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, आणि शेवटच्या दिवसापर्यंत माझा खाक्या एकच होता: उत्तर अपुरं असेल तर अर्धे गुण, मोघम असेल तर शून्य. "बरेच", "पुष्कळ", "थोडेसे" हे शब्द उत्तरपत्रिकेत दिसले की माझी लाल शाई आपोआप चालू लागे. आणि अशा बाईच्या नशिबी म्हातारपणी, मुलापाठोपाठ या कन्नड मुलखात, सर्जापूर रोडवर काय यावं, तर एक हौद. माझा मुलगा शुभंकर त्याला हॉट टब म्हणतो. तळमजल्याचा फ्लॅट, समोर हातरुमालाएवढी बाग, आणि त्या बागेत हा निळा, गोल, गरम पाण्याचा हौद. बटण दाबलं की तळातून असे बुडबुडे उठतात, की खाली कोणीतरी चहाचं आधण ठेवलं आहे असं वाटावं.

मी मागितला नव्हता. मी फक्त गुडघे दुखतात असं म्हणाले होते. व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, "आजी, कोमट पाण्यात बसून पाय दुमडा." मी समजले, बादली. माझा मुलगा समजला, हौद. ही आयटीतली मुलं बादलीपाशी थांबतच नाहीत.

पण खोटं कशाला बोलू, गुण आला. त्याच्या आधी माझ्या सँडलचा पट्टा मनस्विनी लावायची. मनस्विनी म्हणजे माझी सून, इथल्याच मल्लेश्वरमच्या जुन्या मराठी घराण्यातली, गुणी मुलगी, ऑफिसला निघायच्या घाईत लॅपटॉपची पिशवी खांद्यावर घेऊन माझ्या पायाशी वाकायची आणि पट्टा भोकात सरकवायची. कधी तोंड वाकडं केलं नाही. तेच मला सहन होत नसे. ज्या बाईने शेकडो मुलांना "स्वतःची कामं स्वतः करा" हा धडा शिकवला, तिचा पाय सुनेच्या हातात… हौदात बसायला लागल्यावर एके दिवशी मी वाकले, आणि हात पट्ट्यापर्यंत पोहोचला. मी पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. कोणाला बोलले नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे.

तर आता कळलं ना, तो हौद माझा कोण लागतो?

बरं, हौद आला म्हणजे त्याचं पाणी आलं, आणि सर्जापूर रोडवर पाणी ही काय चीज आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नरसिंह, अत्यंत सभ्य गृहस्थ, हौद भरला त्या दिवशी हात जोडून उभे राहिले. "मॅडम, परमिशन वन टाइम. एक टँकर, एक वर्ष. पानी खराब हुआ, तो टब रिमूव्ह. रूल इज रूल, मॅडम." मला माणूस आवडला. नियम नेमका होता. पाणी बदलायचं नाही, बिघडवायचं नाही; म्हणजे काय करायचं, तर रसायनं घालून ते स्वच्छ ठेवायचं. कंपनीने एक पेटी दिली होती: जंतू मारायची पूड, पाण्याचं आम्ल वाढवायची पूड, आम्ल कमी करायची पूड, गढूळपणा बसवायचा द्राव, आणि पाण्यात बुडवून रंग पाहायच्या कागदी पट्ट्या. मुलं विमानात बसली आणि पेटी संपली.

"आई, जस्ट ऑर्डर कर ना. ॲपवर आहे." केलं उघडून. किंमत वाचली. चष्मा पुसला, पुन्हा वाचली. तीच होती. अहो, पाण्यात विरघळवून टाकायच्या वस्तूची किंमत ती? मग मी कंपनीला फोन लावला. म्हटलं, पेटी घेण्यापूर्वी एवढंच कळू द्या, की दर खेपेला कोणती पूड नेमकी किती घालायची, म्हणजे ती किती दिवस पुरेल याचा मला अंदाज येईल. पलीकडचा मुलगा म्हणतो, "ॲज पर रिक्वायरमेंट, मॅम." म्हटलं, ते झालंच, पण किती? "पानी के हिसाब से, मॅम." अहो, पण पाण्याचा हिसाब किती? "वो आपको आयडिया आ जाएगा, मॅम."

नेमकं किती, एवढंच मी विचारलं होतं.

हे सगळं मी आमच्या विहीणबाईंना फोनवर सांगितलं, ही माझी… जाऊ द्या, गोष्ट क्रमाने सांगते. विहीणबाई म्हणजे मनस्विनीच्या आई, क्षमाअक्का. त्यांचं कुटुंब कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलं, त्यामुळे त्यांची मराठी ऐकायला आपलीच, पण मध्येच कन्नड शब्द खड्यासारखा दाताखाली येतो. त्या म्हणाल्या, "अय्यो अक्का, सुम्ने, उगाच कशाला एवढं डोकं फोडून घेता? आमच्या मल्लेश्वरमला देवाप्पा आहे की. फिनाइल, तुरटी, सोडा, सगळं सुटं देतो. उद्या या, मी बरोबर येते." गेले. सर्जापूर रोडहून मल्लेश्वरम म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. टॅक्सीचं भाडं काटकसरीच्या हिशेबात धरायचं नाही, असं मी सिल्क बोर्डच्या सिग्नलला स्वतःला बजावलं. बजावायला वेळ पुष्कळ मिळाला.

देवाप्पाचं दुकान म्हणजे अरुंद बोळासारखं, दोन्ही बाजूंना पोती, आणि मध्ये देवाप्पा, नाकाला रुमाल. क्षमाअक्कांनी त्याला कन्नडमध्ये माझी सगळी कहाणी ऐकवली, गुडघ्यांसकट. त्याने ऐकून घेतलं आणि पुड्या बांधायला सुरुवात केली. "ब्लीचिंग पावडर, मॅडम, जंतू खतम. वॉशिंग सोडा, आम्ल खतम. तुरटी, घाण खतम." आणि शेल्फवरची ॲसिडची बाटली दाखवून, ती या पुडीजवळ कधीही न्यायची नाही, नेली तर काय होईल, हे त्याने गळा धरून, डोळे पांढरे करून दाखवलं. सगळं मिळून कंपनीच्या एका डब्याच्या झाकणाच्या किमतीत. मी प्रसन्न झाले. म्हटलं, "आता हे किती घालायचं?"

"स्वल्प."

"स्वल्प म्हणजे किती?"

"स्वल्प, मॅडम. जास्ती बेडा, जास्ती नको."

"आणि सोडा?"

"अदू स्वल्प."

बोटांची चिमूट दाखवली. मी चिमटीकडे पाहते आहे तोवर तिची मूठ झाली. आता, स्वल्प हा शब्द माझ्या परिचयाचा आहे हो, संस्कृतातला आहे, मी तो वर्गात वापरलेला आहे. पण या शहरात रिक्षावाला "स्वल्प पुढे" म्हणतो तेव्हा दोन उड्डाणपूल ओलांडावे लागतात, आणि दूधवाला "स्वल्प लेट" म्हणतो तेव्हा दुपारचं जेवण झालेलं असतं. हे माप मी हौदाला कसं लावायचं? क्षमाअक्कांना विचारलं, तर त्या म्हणतात, "सांबाराला मीठ घालताना तुम्ही मोजता काय अक्का?" मी मोजते. पण ते विहीणबाईंना सांगण्यात अर्थ नव्हता.

घरी आले. रोज सकाळी पट्टी बुडवायची आणि तिचा रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. तक्त्यावर रंगांची उतरंड: पिवळा म्हणजे आम्ल जास्त, नारिंगी म्हणजे ठीक, लाल म्हणजे आम्ल कमी. सोपं वाटतं ना? आता मला सांगा, अबोली रंग नारिंगीत धरायचा की लालात? पट्टी उन्हात अबोली दिसायची, सावलीत डाळिंबी, आणि चष्मा काढला की तिला रंगच नसायचा. तरी मी नेटाने केलं. चहाच्या चमच्याने सपाट मोजून घालायची, बटण दाबायची, थांबायची, पुन्हा पट्टी. आणि तुम्हाला सांगते, पाणी असं नितळ झालं की तळातला स्क्रू दिसावा. मी फोटो काढून शुभंकरला पाठवला. खाली लिहिलं, "कंपनीच्या पेटीविना." उत्तर काय आलं? अंगठा. ज्याला मी निबंध लिहायला शिकवलं, त्याचा अंगठा.

असो. इथपर्यंत सगळं यथास्थित होतं. मग दिवाळी आली, आणि दिवाळीबरोबर क्षमाअक्का आल्या, मला सोबत म्हणून, हातात तेलाचा डबा, हळदीची पिशवी, आणि कुठलासा लांबच लांब वेल. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी म्हणतात, "अक्का, आज आमच्यात पाणी भरायचा सण. हंडा कुठाय?"

म्हटलं, "हंडा नाही. गीझर आहे."

त्या न्हाणीघरात गेल्या, गीझरकडे खालून बराच वेळ पाहिलं. "हे एवढं उंच. याला वेल कुठं गुंडाळू, कुंकू कुठं लावू?" आणि परत येताना खिडकीतून त्यांची नजर बागेत गेली. अशी थांबली. "अय्यो, हाच की हंडा."

मी नाही म्हणाले. स्पष्ट शब्दांत म्हणाले. कंपनीचं पुस्तक आणून वाचून दाखवलं, ठळक अक्षरांत छापलं आहे, की अंगाला तेल, मलम, पावडर काहीही लावून या पाण्यात उतरू नये. त्या शांतपणे म्हणाल्या, "ते परदेशातल्या लोकांना, अक्का. त्यांच्यात नरकासुर कुठला?" आणि हौदाला वेल गुंडाळला, कडेला हळदकुंकवाची बोटं ओढली, आणि ओंजळभर हळद घेऊन, गंगा यमुना कावेरी अशी सगळ्यांची नावं घेत, माझ्या देखत पाण्यात सोडली. ओंजळभर. सणाच्या दिवशी विहिणीचा हात धरणार कसा, तुम्हीच सांगा. मी फक्त विचारलं, "अजून किती?" तर म्हणतात, "स्वल्पच."

पहाटे त्यांनी मला उठवलं. खरं सांगू? मी तेव्हाही नाही म्हणू शकले असते. पण अभ्यंग म्हणजे पाटावर बसणं, आणि पाट माझ्या आयुष्यातून केव्हाच गेला होता. इतकी वर्षं दिवाळीचं न्हाणं म्हणजे प्लास्टिकच्या स्टुलावर, भिंतीला धरून, घाईघाईने. त्या दिवशी क्षमाअक्कांनी कोमट तेल माझ्या गुडघ्यांवर ओतलं आणि दोन्ही अंगठ्यांनी चोळलं, आणि मग उटणं. माझ्या आईनंतर मला असं कोणी न्हाऊ घातलं नव्हतं. मग आम्ही दोघी विहिणी, तेलाने माखलेल्या, हौदात समोरासमोर बसलो. त्या म्हणाल्या, "स्वर्ग की अक्का." मी म्हणाले, "पाण्यावर तवंग आला आहे." पण उठले मात्र नाही.

उजाडल्यावर पाहते तर पाणी कढीसारखं. पिवळं, दाट, वर तेलाची नक्षी. पण गोंधळायचं नाही, पद्धतीने जायचं. पट्टी बुडवली. पट्टी पिवळी झाली. तक्ता पाहिला: पिवळा म्हणजे आम्ल जास्त. आम्ल जास्त म्हणजे सोडा. आता, हळदीच्या पाण्यात कुठलाही कागद बुडवला तरी तो पिवळाच होणार, हे तुम्हाला इथे बसून कळतं आहे. मलाही आता कळतं. तेव्हा माझ्यासमोर तक्ता होता, आणि तक्त्यावर माझा जन्मभर विश्वास. मी सोडा घातला. चमच्याने. पट्टी पिवळीच. आणखी चमचा. मग क्षमाअक्का म्हणाल्या, "असं चमचाचमचा काय घालता," आणि पुडी उपडी केली. पुस्तकात लिहिलं आहे की पूड विरघळावी म्हणून बटण दाबावं. मी बटण दाबलं.

पाणी लाल झालं.

गुलाबी नव्हे, अबोली नव्हे, ज्याबद्दल कोणत्याही प्रकाशात वाद होऊ नये असं लाल. हळदीत सोडा पडला की असंच होतं म्हणे. कुंकू तसंच करतात. आणि तेल, उटणं, सोडा आणि बुडबुडे एकत्र आल्यावर काय होतं? साबण होतो. त्या लाल पाण्यावर लालसर फेस उठला, कडेवर आला, कडेवरून उतरला, फरशीवरून चालू लागला. मी बटण पुन्हा दाबलं, तर बुडबुडे दुप्पट. आणि नेमके त्या क्षणी फाटक उघडून, हातात मिठाईचा डबा, अंगात नवा शर्ट, पायात नवे बूट, नरसिंह आत आले. "हॅपी दीपावली, मॅ…"

फेस त्यांच्या बुटांपाशी जाऊन थांबला. आम्ही दोघी ओल्या केसांनी, हळदीच्या अंगाने, लाल पाण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या. त्यांनी हौदाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "मॅडम, घर में और कौन था?"

हळद आहे, म्हटलं. सोडा आहे. नरकासुराचं काही नाही. त्यांचा चेहरा हळूहळू सेक्रेटरीचा झाला. "मॅडम, सॉरी. पानी खराब. आज ही एम्प्टी, और टब रिमूव्ह." नियम नेमका होता, आणि मी तो मोडला होता. माझ्या डोळ्यांसमोर काय आलं सांगू? मनस्विनी, खांद्याला पिशवी, माझ्या पायाशी वाकलेली.

पण क्षमाअक्का पुढे सरसावल्या. त्यांनी कन्नडमध्ये जे सुनावलं त्याचा गोषवारा असा, की हे पूजलेलं सणाचं पाणी आहे, बलिपाडव्याच्या आत ओतून द्यायचं म्हणजे घरची गंगा बाहेर काढायची, आणि तुमच्या घरी तुमच्या आईने तुम्हाला हेच शिकवलं का? नरसिंह घुटमळले. "पाड्यमी के बाद, मॅडम," एवढंच म्हणाले, आणि पाय झटकत गेले.

मग मी काय केलं नाही ते विचारा. तुरटी फिरवली, पाणी फाटलेल्या दुधासारखं झालं. ब्लीचिंग घातलं, लाल जाऊन असा रंग आला की त्याला मराठीत शब्द नाही, आणि मी शब्द शोधून पाहिला. देवाप्पाला फोन केला, "मॅडम, स्वल्प जास्ती झालं काय?" शेवटी हार मानून कंपनीची ती महागडी पेटी मागवली, आणि फोनवरच्या त्या मुलाला सगळं सांगून विचारलं, आता तरी सांग बाबा, यातलं किती घालू. तो म्हणाला, "मॅम, इसमें तो पानी ही बदल दीजिए."

नेमकं किती, एवढंच मी विचारलं होतं.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी फाटक वाजलं. एक अज्जी. काठी, अंबाड्यात अबोलीचा गजरा, दुसऱ्या हातात तेलाची वाटी. नरसिंहांच्या आई. मुलाने घरी तक्रारीच्या सुरात जे सांगितलं, त्यातलं त्यांनी एवढंच उचललं होतं, की या घरी पाट नसलेलं, खाली बसायला न लागणारं न्हाणं आहे. क्षमाअक्कांकडून मी विनवलं, पाणी बघा तरी कसं आहे. अज्जींनी पाहिलं. म्हणाल्या, "सणाचंच आहे ना?" आणि क्षमाअक्कांच्या खांद्याला धरून उतरल्या. गुडघे पाण्याखाली गेले तशी त्यांनी काठी सोडली, डोळे मिटले. त्या चेहऱ्याला मी ओळखलं. सँडलचा पट्टा पहिल्यांदा लागला, तेव्हा माझा तसाच झाला असणार.

तासाभराने नरसिंह शोधत आले. "अम्मा, बा," म्हणजे चला आता. अम्मांनी डोळे न उघडता मानेनेच नाही म्हटलं. ते बराच वेळ उभे होते, सेक्रेटरी म्हणून एकदा, मुलगा म्हणून एकदा. पाडवा झाला, पाणी ओतलं गेलं, आणि त्याच आठवड्यात सोसायटीच्या बैठकीत ठराव झाला: ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यासाठी टँकर मंजूर. हौद राहिला. मी जिंकले, असं तुम्हाला वाटलं ना? मलाही वाटलं. आपल्याकडे अभ्यंग दिवाळीत एकदा होतं आणि वर्षभर शांतता असते. इकडे तेल लावून न्हाणं दर आठवड्याला असतं, हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. आता दर शनिवारी फाटकापाशी काठ्या टेकवलेल्या असतात, प्रत्येकीच्या हातात वाटी, कोणाचं तिळाचं, कोणाचं एरंडेल, कोणाचं खोबरेल, आणि नितळ पाणी मी फक्त त्या फोटोत पाहते.

परवा मी बाहेर निघाले होते, दाराशी बसून सँडल घालत होते, इतक्यात नरसिंह आले. सोसायटीच्या वतीने रसायनं आता तेच घालणार. हातात देवाप्पाची पुडी, चेहरा विद्यार्थ्यासारखा. "मॅडम, एक बार एक्झॅक्ट बता दीजिए. शनिवार के बाद ये पावडर… नेमका किती?" तेवढं मराठी ते शिकले आहेत, माझ्याकडूनच. तुम्हाला सांगते, उभ्या आयुष्यात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी वाकले, पट्टा भोकात सरकवला, नीट बसला ना ते बोटाने चाचपलं, आणि मान वर न करता म्हणाले,

"स्वल्प."